निनावी गोषवारा

भाषाशास्त्राच्या मोठ्या परिषदेत निबंध वाचावयाचा असेल तर आधी गोषवारा पाठवावा लागतो. पाचशेएक शब्द किंवा दोन पाने. त्यात मुद्दा सांगावयाचा, मुद्द्याला आधार म्हणून त्या भाषेतील वाक्ये द्यावयाची, त्यांचा उलगडा करावयाचा आणि थांबावयाचे. आज बहुतेक परिषदांत ह्या कागदावर लेखकाने आपले नाव लिहावयाचे नसते. संस्थेचे नाव नाही, 'माझ्या पूर्वीच्या निबंधात मी दाखविले आहे' असेही म्हणावयाचे नाही. परीक्षकांची नावे लेखकाला कळत नाहीत आणि लेखकाचे नाव परीक्षकांना कळत नाही.

ज्या समाजात आडनाव ऐकल्यावाचून पाण्याचा पेला पुढे येत नसे, त्या समाजातून आलेल्या माणसाला ही रीत चांगली वाटेल, आणि ती चांगली आहेच. पण नाव झाकले म्हणजे सगळे झाकले जाते काय? भाषाशास्त्राचा इतिहास पाहिला तर ह्या शास्त्रात निनावीपणाची आणखी एक, बरीच जुनी परंपरा आढळते. ती लेखकाची नव्हे. ज्याच्या तोंडची भाषा लिहून घेतली त्या माणसाची आहे.

१८८६ साली व्हिएन्ना येथे प्राच्यविद्या पंडितांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. हिंदुस्थानातील भाषांची पद्धतशीर पाहणी सरकारने करावी असा ठराव तेथे झाला. जॉर्ज ग्रिअर्सन ह्यांचे 'लिंग्विस्टिक सर्व्हे ऑफ इंडिया' हे प्रचंड काम त्यातून उभे राहिले. १९०३ ते १९२८ ह्या काळात त्याचे खंड निघाले. मराठीचा सातवा खंड १९०५ चा. नमुने गोळा झाले ते जिल्ह्याजिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांमार्फत. बायबलातील उधळ्या पुत्राची गोष्ट त्या त्या बोलीत सांगवून घ्यावयाची, एखादा स्वतंत्र मजकूर घ्यावयाचा आणि ठरावीक शब्दांची यादी भरावयाची, अशी ती पद्धत होती. ह्या खंडात कोळी, कुणबी, धनगरी, महारी अशी जातींची नावे लावलेल्या बोली आढळतात. म्हणजे जात नोंदली गेली. ती गोष्ट ज्याने सांगितली तो माणूस मात्र कोण होता, त्याने ती अंमलदाराच्या कचेरीत उभे राहून सांगितली की आपल्या वस्तीत बसून, हे वाचकाला कळावयास मार्ग नाही. साहेबाचा कारकून समोर लेखणी घेऊन बसला असता गावकुसाबाहेरचा माणूस घरच्यासारखे बोलला असेल हे मानणे कठीण आहे. आणखी एक गोष्ट. निजामाचे हैदराबाद संस्थान ह्या पाहणीच्या कक्षेबाहेर होते. तेव्हा मराठवाड्याचा माणूस त्यात जातीच्या नावानेही नीट आला नाही.

युरोपात मात्र त्याच सुमारास कागद आधी पाठविण्याची रीत वेगळ्या कारणाने रुजत होती. १९२८ च्या एप्रिलमध्ये हेग येथे भाषाशास्त्रज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. संयोजकांनी काही प्रश्न अगोदर कळविले होते आणि त्यांची लेखी उत्तरे मागविली होती. एखाद्या भाषेच्या व्याकरणाची मांडणी कोणत्या पद्धतीने करावी, अशा आशयाच्या प्रश्नाला रोमान याकॉबसन ह्यांनी लहानसे उत्तर लिहिले. त्यावर त्रुबेत्स्कॉय आणि कार्त्सेव्स्की ह्यांनीही सह्या केल्या. तिघेही मायदेश सोडून प्राग, व्हिएन्ना, जिनीव्हा अशा परक्या शहरांत राहणारे रशियन. भाषेतील ध्वनींचा विचार सुटासुटा न करता त्यांच्या परस्परविरोधाच्या व्यवस्थेतून करावा, हे त्या उत्तराचे सार. पुढची अनेक वर्षे ह्या दोन-चार पानांवर वाद आणि काम चालू राहिले. थोडक्या शब्दांत लिहिलेला आणि वेळेवर पाठविलेला कागद परक्या माणसालाही सभेत उभे करू शकतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

त्याच १९२८ साली, अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेच्या निमित्ताने, लाहोरला 'लिंग्विस्टिक सोसायटी ऑफ इंडिया' स्थापन झाली. लाहोरचे नाव निघाले म्हणून एक आठवण येथे देणे भाग आहे, जरी ती भाषाशास्त्राची नाही. १९३६ साली ह्याच लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलाविले आणि भाषण आधी पाहावयास मागितले. ते पाहिल्यावर काही भाग गाळावा असे सुचविले. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलण्यास नकार दिला, परिषद रद्द झाली, आणि त्यांनी भाषण स्वतःच छापून काढले. तेथे नाव झाकलेले नव्हते. उलट नाव हवे होते, मजकूर नको होता.

आता भाषाशास्त्राकडे परत वळू. १९५८ साली जॉन गम्पर्झ ह्यांनी उत्तर प्रदेशातील खलापूर ह्या गावाच्या बोलीवर एक निबंध प्रसिद्ध केला. गावातील बहुसंख्यांची बोली साधारण एक, पण अस्पृश्य जातींची बोली तिच्यापासून वेगळी, असे त्यांना आढळले. हे कोणीही सांगितले असते. महत्त्वाचे आहे ते त्यांनी दिलेले कारण. अस्पृश्य माणसे सवर्णांच्या शेतावर आणि घरी रोज कामाला जात, रोज बोलत. संपर्क कमी नव्हता. पण कामाच्या हुकमाचे बोलणे वेगळे आणि मैत्रीचे बोलणे वेगळे. पोरांनी एकत्र खेळणे, बरोबरीने गप्पा मारीत बसणे जेथे नाही, तेथे बोली एक होत नाही. आपल्याकडे पुढे मॅक्सीन बर्नसन ह्यांनी फलटणच्या बोलण्यातील भेदांवर पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात १९७३ साली प्रबंध लिहिला. डॉ. अ. मा. घाटगे ह्यांच्या बोलीपाहणीतील महाडच्या कुणबी बोलीचे पुस्तक त्याआधीचे, १९६६ चे. महाड म्हटले की आपल्याला चवदार तळेच आठवते. भाषाशास्त्राच्या ग्रंथालयात महाड हे एका बोलीचेही नाव आहे.

एवढी कामे झाल्यावर बोलणाऱ्याला त्याची जागा मिळाली असावी असे वाटेल. पण गोषवाऱ्यात एक बारीक चिन्ह असते, त्याकडे पाहावे. ते चिन्ह म्हणजे तारका. पूर्वी ती लेखी पुरावा नसलेल्या, तर्काने मांडलेल्या प्राचीन रूपापुढे घालीत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती 'असे वाक्य ह्या भाषेत होत नाही' ह्या अर्थाने सर्रास वापरली जाऊ लागली. होत नाही हे ठरविणार कोण? ती भाषा ज्याची मायबोली तो. आणि मराठीपुरते बोलावयाचे तर तो बहुतेक वेळा विद्यापीठापर्यंत आधी पोहोचलेल्या पांढरपेशा घरातला.

उदाहरण घेऊ. 'मी काम केलं' ह्या प्रमाण वाक्यात क्रियापद कामाप्रमाणे चालते, 'मी' प्रमाणे नव्हे. मराठीच्या ह्या लकबीवर जगभरच्या परिषदांत निबंध वाचले गेले आहेत. पण सोलापूर, लातूर, कोल्हापूरच्या बाजूला, कन्नड मुलखाच्या शेजारी, 'मी काम केलो' असे बोलणारी माणसे आहेत. येथे क्रियापद करणाऱ्याप्रमाणे चालते. ह्या वाक्यापुढे तारका घातली तर एक सिद्धान्त नीटनेटका राहतो. न घातली तर त्याला वळसा घालावा लागतो. हे वाक्य एका जातीचे नाही, साऱ्या मुलखाचे आहे. पण त्या मुलखातील सवर्णाचे पोर शाळेत जाऊन प्रमाण वाक्य शिकले आणि घरचे वाक्य घरी ठेवू शकले. आपल्या पोराला मास्तरांनी त्याच वाक्यासाठी वर्गात हसविले. तारका त्याला परिषदेच्या आधीच भेटलेली असते.

म्हणून नाव झाकलेल्या गोषवाऱ्याचे स्वागत करताना एक हिशेब मांडावा लागतो. परीक्षकाला लेखकाचे आडनाव कळत नाही हे खरे. पण 'मी काम केलो' हे वाक्य तारकेविना पाहिले की 'ही मराठी नव्हे' असा शेरा तो मारू शकतो, कारण त्याच्या समोर असलेली मराठी एकच आहे. शिवाय सारा कागद इंग्रजीत. वाक्य तीन ओळींत द्यावयाचे : वर मूळ, मध्ये शब्दाशब्दाची फोड, खाली इंग्रजी अर्थ. वस्तीतल्या आजीचे बोलणे मधल्या ओळीत तुकडे होऊन बसते आणि तिचे नाव कुठेच नसते. नाव न देणे हे कधी तिच्या रक्षणासाठीही असते, हे नाकारता येत नाही. पण गाव, वय, शिक्षण, बोलणे कोणाशी आणि कशासाठी चालले होते, एवढे तर देता येते. ग्रिअर्सनच्या कारकुनाने ते दिले नाही. आजच्या विद्यार्थ्याने दोन पानांत त्यासाठी एक ओळ राखून ठेवावी. ज्यांच्या घरात ते वाक्य बोलले जाते त्यांनी तर ती राखावीच, कारण तेथे लेखक आणि बोलणारा एकच असतो.

अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने मराठीच्या बोलींची नवी पाहणी केली. गावोगाव जाऊन माणसांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले आहे आणि ते कोणालाही ऐकता येते. मराठवाडा ह्या वेळी कक्षेबाहेर राहिलेला नाही. परीक्षकाने शेरा मारला तर आता त्याला ऐकवावयास आवाज आहे.