स्टेशन दौंडचं, स्टँड शिरूरचा

दौंडला पाहुणा यायचा असला की घरातलं कुणीतरी स्टेशनवर जातं, शिरूरला स्टँडवर. भीमाकाठचं दौंड रुळांवर वाढलं. १८७८ मध्ये मनमाडची लाइन सुरू झाली आणि ते जंक्शन झालं. घोडनदीकाठच्या शिरूरला रेल्वे नाही. पण १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनची पहिली बस पुण्याहून नगरला धावली, ती शिरूरच्याच रस्त्याने.

दोन्ही शब्दांच्या मुळाशी 'उभं राहणं' आहे आणि आपला संस्कृत 'स्था' धातूही त्यांच्याच भावकीतला. 'स्टँड' हे इंग्रजीचं घरचं, जुनं क्रियापद. भाड्याच्या घोडागाड्या जिथे गिऱ्हाइकाची वाट पाहत उभ्या राहत, त्या जागेलाही तेच नाव पडलं. 'स्टेशन' लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलं.

मराठीने 'स्टँड'मधलं क्रियापद घेतलंच नाही, नाम तेवढं ठेवून घेतलं: एसटीचा स्टँड, रिक्षाचा स्टँड, सायकलचा स्टँड. लिंगंही आपणच ठरवली. स्टेशन 'येतं', स्टँड बहुधा 'येतो'; 'स्टँड आलं' म्हणणारेही भेटतात. खरी गंमत विभक्तीत आहे. माणूस 'स्टेशनवर' उभा असतो, 'स्टेशनावर' नव्हे. पण गाडी मात्र 'स्टेशनात' शिरते. म्हणजे घर-घरात या चालीचं सामान्यरूप या परक्या शब्दाने एका जागी पत्करलं, दुसऱ्या जागी नाही. एसटी काही 'स्टँडात' शिरत नाही, ती 'स्टँडमध्ये' येते किंवा 'स्टँडला' लागते. एवढं बारीक व्याकरण कुठल्याही शाळेने शिकवलेलं नाही, ते फलाटांवर घडलं.

सरकारी पाट्यांनी दोघांनाही 'स्थानक' करून टाकलं. शब्द चांगला आहे, पण त्याने कामाचा भेद पुसला. दौंडात नुसतं 'स्थानक' म्हटलं तर रिक्षावाला विचारणारच, रेल्वेचं की एसटीचं? पोलिसांच्या स्टेशनला मात्र 'ठाणं' हा प्रतिशब्द छान रुळला. तोही 'स्थान'वरूनच आलेला.

इंग्रजांच्या तोंडी 'स्टेशन'चा आणखी एक अर्थ होता: फौज किंवा अंमलदार मुक्कामाला ठेवण्याचं गाव. त्या अर्थाने शिरूर हे दौंडच्या आधीचं स्टेशन. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा कोरेगावला लढलेली कंपनी सरकारची तुकडी आदल्या रात्री शिरूरच्याच तळावरून निघाली होती. पण मराठीत त्यासाठी 'छावणी' होतीच, म्हणून तो अर्थ इकडे फारसा वळला नाही. त्याचा माग राहिला तो 'हिल स्टेशन'मध्ये. महाबळेश्वरला रूळ नसले तरी त्या नावावाचून आपलं अडत नाही.