गाडीत दोनच सीट का?

'माझदा' हे नाव मी पहिल्यांदा वाचलं ते शाळेच्या बसवर. स्वराज माझदा. तेव्हाच्या शाळेच्या बस, भाज्यांचे टेम्पो, कंपन्यांच्या स्टाफ बस, सगळीकडे हे नाव असायचं. त्यामुळे जगात सर्वाधिक विकली गेलेली दोन सीटची स्पोर्ट्स कार याच नावाची जपानी कंपनी बनवते, हे कळल्यावर गंमत वाटली होती. पुढे नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियात असताना मी तीच गाडी घेतली. एमएक्स-5, अमेरिकेतलं लाडकं नाव मियाटा. नव्वदच्या दशकातली, तिसऱ्या हाताची, लाल.

व्हिडिओ कॉलवर गाडी दाखवली. बाबांनी सगळं नीट पाहिलं आणि विचारलं, "अरे, पण आम्ही आलो की बसणार कुठे?"

प्रश्न रास्त होता. आपल्याकडे गाडी घेताना आधी माणसं मोजतात, मग सीट. मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. नंतर या गाडीचा इतिहास वाचायला लागलो, तेव्हा लक्षात आलं की बाबांचा हा प्रश्न मोटार उद्योगाने स्वतःलाच विचारला होता. आणि त्याच्या उत्तरात हा सगळा प्रकारच जवळजवळ संपला होता.

दोन सीटची, छप्पर उघडणारी, स्वस्त आणि हलकी गाडी ही मुळात ब्रिटिशांची खासियत. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला डॉलर हवे होते आणि अमेरिकेला काहीतरी वेगळं. 1945 ते 1949 या काळात एमजी कंपनीने टीसी नावाची छोटी गाडी बनवली. एकूण 10 हजारच्या आसपास. स्टिअरिंग फक्त उजवीकडे, म्हणजे अमेरिकेच्या दृष्टीने चुकीच्या बाजूला. तरीही दोनेक हजार गाड्या तिकडे गेल्या आणि तिथल्या तरुणांना एक नवीन छंद लागला. आठवडाभर गाडीने ऑफिसला जायचं, रविवारी दारावर नंबर चिकटवून तीच गाडी शर्यतीत पळवायची आणि संध्याकाळी तिनेच घरी परतायचं. रस्ता आणि ट्रॅक यांच्यासाठी एकच गाडी, ही कल्पना तिथे रुजली.

1962 साली दोन महत्त्वाच्या गाड्या आल्या. एक एमजीबी, जी 1980 पर्यंत सगळे प्रकार धरून पाच लाखांहून अधिक बनली. दुसरी लोटस एलान. लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमन वजनाच्या मागे हात धुऊन लागलेला माणूस. एलानचं वजन 700 किलोंच्याही आत होतं. ताकद वाढवली तर गाडी सरळ रस्त्यावर वेगवान होते. वजन कमी केलं तर ती वळणात, ब्रेक लावताना, वेग घेताना, सगळीकडेच सुधारते. चॅपमनच्या विचारांचं सार हेच.

सत्तरच्या दशकात हे सगळं ढासळलं. अमेरिकेत सुरक्षेचे आणि धुराचे नियम कडक झाले. नियम चुकीचे नव्हते. रस्त्यांवर माणसं मरत होती आणि लॉस एंजेलिसची हवा डोळे चुरचुरवत होती. पण ब्रिटिश कंपन्यांकडे नवीन गाडी घडवायला पैसाच नव्हता, म्हणून त्या जुन्यालाच ठिगळं लावत राहिल्या. एमजीबीला रबराचे जाडजूड बंपर आले, दिव्यांची उंची नियमात बसवायला अख्खी गाडी वर उचलली गेली, धूर कमी करताना इंजिनाची ताकद गेली. जुन्या कोडवर पॅच चढवत राहिलं की शेवटी काय होतं, हे माझ्या व्यवसायातल्या कुणालाही वेगळं सांगायला नको.

त्याच सुमारास, 1976 साली, फोक्सवॅगनने गोल्फ जीटीआय बाजारात आणली. चार माणसं, डिकीत सामान, वर छप्पर आणि वेगही भरपूर. बाबांचा मुद्दा जर्मनांनी सिद्धच करून दाखवला! मग दोन सीटची गाडी घ्यायचीच कशाला? 1980 च्या ऑक्टोबरमध्ये एमजीचा ॲबिंग्डनचा कारखाना बंद झाला.

त्याच्या एक वर्ष आधी बॉब हॉल हा अमेरिकी मोटार पत्रकार माझदाच्या केनिची यामामोतो यांना भेटला होता. यामामोतो साधे अधिकारी नव्हते. माझदाचं रोटरी इंजिन ज्या 47 इंजिनिअरांच्या गटाने यशस्वी केलं, त्याचे ते प्रमुख. आपण पुढे काय बनवावं, असं त्यांनी हॉलला विचारलं. हॉलने जुन्या ब्रिटिश गाड्यांची बाजू मांडली: साधी, स्वस्त, उघडी गाडी, जी आता कुणीच बनवत नाही. फळ्यावर खडूने चित्रही काढून दाखवलं. पुढे यामामोतोंनी हाकोनेच्या घाटात ट्रायम्फ स्पिटफायर चालवून पाहिली. घाटातल्या वळणांनी हॉलचा मुद्दा त्यांना पटवला, असं सांगतात. हॉल स्वतः 1981 मध्ये माझदाच्या कॅलिफोर्नियातल्या कार्यालयात रुजू झाला.

कंपनीत मग दोन गटांत चुरस लागली. जपानमधल्या गटाने दोन आराखडे मांडले: एकात इंजिन पुढे आणि पुढचीच चाकं ओढणारी, दुसऱ्यात इंजिन मध्यभागी. कॅलिफोर्नियाच्या गटाने जुनी पद्धत धरली: इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना. पुढच्या चाकांनी ओढणारी गाडी सर्वांत स्वस्त पडली असती. पण मग वळायचं आणि ओढायचं, ही दोन्ही कामं त्याच दोन चाकांवर येतात आणि स्टिअरिंग हातात जे सांगतं ते गढूळ होतं. 1984 मध्ये कॅलिफोर्नियाचा आराखडा निवडला गेला. पहिला चालता नमुना इंग्लंडमधल्या वर्दिंगला बनला आणि 1985 मध्ये सांता बार्बराच्या रस्त्यांवर फिरवला गेला.

मुख्य इंजिनिअर होते तोशिहिको हिराई. त्यांनी एक जुना जपानी शब्दप्रयोग हाताशी घेतला, 'जिनबा इत्ताई', म्हणजे स्वार आणि घोडा एक होणं. घोड्यावर मांड पक्की असेल तर लगाम खेचावा लागत नाही, हे आपल्याला समजावून सांगायची गरज नाही. हिराईंनी ते लोखंडात उतरवलं. इंजिन पुढच्या चाकांच्या रेषेमागे सरकवलं, बॅटरी डिकीत टाकली, बॉनेट ॲल्युमिनियमचं केलं, आणि गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत एक कडक चौकट बांधली, म्हणजे पाय दाबला की मधे काही लवचिकतेत हरवत नाही. दोन माणसं बसली की वजन पुढे-मागे जवळजवळ निम्मं-निम्मं. सीट दोनच का, त्याचं एक तांत्रिक उत्तर इथे आहे. मागे आणखी दोघं बसवायची तर गाडी लांबते, जड होते आणि हा तोल जातो.

1989 च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात ती सादर झाली. 1.6 लिटरचं इंजिन, 116 अश्वशक्ती, वजन हजार किलोंच्या आत, किंमत 13 हजार 800 डॉलर. मागणी इतकी, की डीलर छापील किमतीवर चढे पैसे मागू लागले. मग बाकीच्यांचे डोळे उघडले. एमजी एफ, फियाट बार्केटा, बीएमडब्ल्यू झी3, पोर्शे बॉक्सस्टर, होंडा एस2000, सगळ्या त्यानंतरच्या दशकभरात आल्या. 2000 साली मियाटाने सर्वाधिक विकल्या गेलेल्या दोन सीटच्या स्पोर्ट्स कारचा गिनेस विक्रम केला आणि 2016 च्या एप्रिलमध्ये हिरोशिमात दहा लाखावी गाडी तयार झाली. त्याच वर्षी फियाटने आपली जुनी 124 स्पायडर पुन्हा आणली, तीसुद्धा हिरोशिमात, मियाटाच्याच सांगाड्यावर बांधून घेतली. युरोपने सोडून दिलेली गोष्ट युरोपलाच जपानकडून घ्यावी लागली.

आता ट्रॅकबद्दल. अमेरिकेत हौशी शर्यतींचा 'स्पेक मियाटा' नावाचा एक अख्खा वर्ग आहे. सगळ्या गाड्या जवळपास सारख्या, त्यामुळे निकाल पैशापेक्षा चालवणाऱ्यावर ठरतो. मी शर्यतीत उतरलो नाही, पण ट्रॅकवर आपली गाडी आपणच चालवायचे दिवस असतात, तिथे गेलो. डोक्यावर उलटण्यापासून वाचवणारा बार, हेल्मेट, शेजारी शिकवणारा. सरळ पट्ट्यावर तिप्पट ताकदीच्या गाड्या हात दाखवून मला मागे टाकायच्या. वळण आलं की मी पुन्हा त्यांच्या मागे. त्यांना दीड-दोन टन वजन थांबवायचं असे, मला टनाच्या आत. संध्याकाळी त्यातल्या काहींचे टायर आणि ब्रेक बदलायला झालेले असत. मी छप्पर उघडून तीच गाडी घेऊन घरी. रविवारची ती जुनी रीत मला पन्नासेक वर्षांनी अशी सापडली.

मुख्य म्हणजे शिकायला मिळालं. ताकदवान गाडीत चूक झाली की ॲक्सिलरेटर दाबून भरून काढता येते. इथे वळणात वेग गेला की गेला, आणि तो कुठे गेला हे तुम्हाला स्पष्ट कळतं.

पुढच्या वर्षी आई-बाबा आले. दोघं एकदम बसणं शक्यच नव्हतं. म्हणून दोन फेऱ्या केल्या. आधी आई, समुद्राच्या कडेकडेने अर्धा तास. तिने गावाकडच्या अशा दोन गोष्टी सांगितल्या, ज्या बाबांसमोर तिने कधी सांगितल्या नव्हत्या. मग बाबा. ते बराच वेळ गप्प होते. रस्ता इतका जवळ की हात खाली केला तर लागेल असं वाटावं, कानाला वारा. मी वेग विचारला तर म्हणाले, शंभर तरी असेल. काटा ताशी 40 मैलांवर होता, म्हणजे साधारण 65 किलोमीटर.

वळणं संपल्यावर म्हणाले, "आपल्या बजाज स्कूटरसारखी आहे रे ही."

ती स्कूटरही दोन सीटचीच होती. तिच्यावर आम्ही चौघं बसायचो.