‘काल पाहिलं का?’ : पैठण रस्त्यावरील टीव्हीच्या गप्पांचा इतिहास

#थ्रेड #इतिहास #मराठवाडा

१/
छत्रपती संभाजीनगरहून दक्षिणेला निघालेला रस्ता चितेगाव, बिडकीन, ढोरकीन अशी गावे ओलांडत पैठणला गोदावरीच्या काठी पोहोचतो. या रस्त्याचा इतिहास सातवाहनांच्या प्रतिष्ठानपासून सुरू होतो आणि संत एकनाथांपाशी बराच वेळ थांबतो. या इतिहासात टीव्हीलाही जागा आहे, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

२/
तेव्हाच्या औरंगाबादपासून चौदाव्या किलोमीटरवर, बिडकीनच्या अलीकडे, चितेगाव येथे व्हिडिओकॉनचा कारखाना उभा राहिला. धूत कुटुंबाच्या या कंपनीने १९८०च्या दशकात जपानच्या तोशिबाशी तांत्रिक सहकार्य करून रंगीत टीव्हीच्या व्यवसायात पाऊल टाकले होते. देशभरातील बैठकीच्या खोल्यांत जाऊन बसलेले कित्येक संच या रस्त्याने बाहेर पडले.

३/
कारखान्यातून किती संच बाहेर पडले, याची नोंद कागदोपत्री राहते. त्या संचांपुढे बसलेली माणसे दुसऱ्या दिवशी एकमेकांशी काय बोलली, याची नोंद कोणी ठेवत नाही. पारावर, चहाच्या हॉटेलात, एसटीच्या थांब्यावर, कापूस वेचताना झालेल्या त्या गप्पांचा हा इतिहास आहे. त्या वरवर रिकाम्या वाटतात. प्रत्यक्षात त्यांनी बरेच काम केले.

४/
भारतात टीव्हीचे प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढील वर्षी सिंहगडावरील केंद्रामुळे पुण्यातही चित्रे दिसू लागली. मराठवाडा या कक्षेच्या फार दूर होता. मुंबई-पुण्याच्या घरांत ‘चिमणराव’ची चर्चा रंगत होती, तेव्हा पैठण तालुक्यातील खेड्यांत करमणूक म्हणजे रेडिओ, तमाशा, कीर्तन आणि जत्रेतील तंबूतला सिनेमा.

५/
चित्र पालटले ते १९८२ नंतर. त्या वर्षी रंगीत प्रक्षेपण आले आणि दिल्लीत आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. ३० ऑगस्ट १९८३ रोजी ‘इन्सॅट-१बी’ हा उपग्रह अवकाशात गेला. १९८४ मध्ये देशभर लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रे झपाट्याने उभारली गेली. उपग्रहाकडून आलेले दिल्लीचे कार्यक्रम ही केंद्रे आसपासच्या भागात पोहोचवीत.

६/
यातून एक विचित्र परिस्थिती निर्माण झाली. मुंबई केंद्राचे मराठी कार्यक्रम या लघुशक्ती केंद्रांपर्यंत पोहोचतच नव्हते. उपग्रहावरून मराठी कार्यक्रम मिळू लागले ते १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात. त्यामुळे ग्रामीण महाराष्ट्रातील असंख्य घरांना टीव्हीची पहिली ओळख हिंदीतून झाली. पाहणे हिंदीत आणि त्यावर बोलणे मराठीत, ही सवय तेव्हापासूनची.

७/
७ जुलै १९८४ रोजी ‘हम लोग’ सुरू झाली. मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेल्या या मालिकेत दारूच्या आहारी गेलेला बाप, सोसणारी आई आणि लग्नाची काळजी वाहणारी मुले होती. प्रत्येक भागाच्या अखेरीस अशोक कुमार प्रेक्षकांशी थेट बोलत. प्रेक्षकांनी मालिकेला लाखोंच्या संख्येने पत्रे पाठविली. घरचे दुःख सांगण्यासाठी त्यांना एक परके घर सापडले होते.

८/
मराठीत या रीतीला फार जुना शब्दप्रयोग आहे : लेकी बोले, सुने लागे. जे थेट म्हणता येत नाही, ते दुसऱ्याच्या नावावर म्हणायचे. शेजारच्या घरातील दारूविषयी उघड बोलले तर भांडण होते. बसेसर रामच्या दारूविषयी बोलले तर कोणीच दुखावत नाही. ऐकणाऱ्याला जे समजायचे ते समजते.

९/
पैठणच्या परिसराला तर ही रीत नवीन नव्हतीच. एकनाथांनी भारुडांत वाघ्या, जोशी, महार, गोंधळी अशा नाना भूमिका घेऊन समाजाला चार गोष्टी सुनावल्या. सोंग दुसऱ्याचे, बोल मात्र ऐकणाऱ्याला लागणारे. मालिकेतील पात्राआडून घरचा विषय काढणाऱ्या श्रोत्यांना ही युक्ती कोणी शिकविण्याची गरज नव्हती.

१०/
२५ जानेवारी १९८७ रोजी रामानंद सागर यांचे ‘रामायण’ सुरू झाले. २ ऑक्टोबर १९८८ पासून बी. आर. चोप्रांचे ‘महाभारत’ आले. रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. एका संचापुढे सारी आळी गोळा होई. त्या गर्दीलाही उतरंड होती : कोण सतरंजीवर, कोण उंबऱ्याशी, कोण खिडकीबाहेर. टीव्ही सर्वांसाठी एक असला तरी बसण्याची जागा एक नव्हती.

११/
‘महाभारता’तील द्रौपदी वस्त्रहरणाने घरोघरी एक अवघड प्रश्न उभा केला : पत्नीला पणाला लावण्याचा अधिकार धर्मराजाला कोणी दिला? अभ्यासक पूर्णिमा मानकेकर यांनी दिल्लीतील स्त्री-प्रेक्षकांशी दीर्घ संवाद साधून १९९९ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. द्रौपदीविषयी बोलता बोलता अनेक स्त्रिया स्वतःच्या असुरक्षिततेविषयी बोलू लागल्या, असे त्यांना आढळले.

१२/
१९९२ मध्ये झी टीव्ही आला, गल्लोगल्ली केबलच्या तारा लोंबू लागल्या. १९९९ मध्ये अल्फा मराठी ही वाहिनी सुरू झाली आणि ‘आभाळमाया’ने मराठी घरांचा ताबा घेतला. नोकरी करणारी, मुलींना वाढविणारी आणि पतीच्या दुसऱ्या नात्याला सामोरी जाणारी सुधा जोशी मराठीतच बोलत होती. तिने काय करायला हवे होते, यावर सासू आणि सून दोघींनाही मत होते. ते मत एकमेकींसमोर मांडण्याची सोय या मालिकेने केली.

१३/
पुढे भारनियमनाची वर्षे आली. ऐन वेळी वीज गेली की ग्रामीण भागात मालिका अर्धवट राहात असे. मग उरलेली कथा दुसऱ्या दिवशी ज्याच्या घरी वीज होती त्याच्याकडून ऐकायची. सांगणारा स्वतःची भर घालून सांगे. एका अर्थाने टीव्हीवरील कथा पुन्हा तोंडी परंपरेत शिरत होती.

१४/
या गप्पांनी खरोखर काही बदलले का? रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थतज्ज्ञांनी गोव्यासह पाच ठिकाणच्या ग्रामीण भागातील माहिती तपासून २००९ मध्ये निष्कर्ष मांडले. जिथे केबल पोहोचली, तिथे पत्नीला मारहाण करणे योग्य मानणाऱ्या आणि मुलगाच हवा म्हणणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण घटलेले दिसले.

१५/
इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने सावध राहावे. पाहणीत नोंदली गेली ती स्त्रियांनी दिलेली उत्तरे. घरातील वागणूक तेवढीच बदलली, असे त्यावरून सिद्ध होत नाही. तथापि, मारहाण चुकीची आहे असे परक्या माणसासमोर बोलून दाखविणे, हाही बदलच आहे. वर्तनाआधी पुष्कळदा भाषा बदलते आणि ती अशाच रोजच्या गप्पांत बदलते.

१६/
दरम्यान टीव्हीचे यंत्रही बदलले. काचेच्या जड नळीची जागा सपाट पडद्याने घेतली. जून २०१८ मध्ये व्हिडिओकॉनविरुद्ध दिवाळखोरी संहितेखाली प्रक्रिया सुरू झाली. २९ सप्टेंबर २०२४ रोजी याच रस्त्यावरील ७,८५५ एकरांचे बिडकीन औद्योगिक क्षेत्र राष्ट्राला अर्पण करण्यात आले. टीव्हीच्या कारखान्याने ज्यांना कामाला लावले, त्यांची नातवंडे आता फोनवर मालिका पाहतात.

१७/
या साऱ्या प्रवासात प्रश्नाची शब्दरचनाच बदलली, ही बाब लक्षणीय आहे. वाहिनी एकच होती तेव्हा विचारले जाई, ‘काल पाहिलं का?’ काय पाहिले, हे विचारण्याचे कारणच नव्हते. आज विचारले जाते, ‘सध्या काय बघतोस?’ उत्तर आले की बहुधा विषय संपतो, कारण समोरच्याने ते पाहिलेले नसते. २८ मार्च २०२० पासून, टाळेबंदीत ‘रामायण’ पुन्हा दाखविले गेले, तेव्हा काही आठवडे जुना प्रश्न परत आला होता.

१८/
जुन्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. खिडकीबाहेर उभे राहून ‘महाभारत’ पाहिलेल्यांना त्या काळाची दुसरी बाजूही ठाऊक आहे. मात्र परक्या घराची गोष्ट काढून स्वतःच्या घराविषयी बोलण्याची एक सामायिक जागा त्या एका प्रश्नामुळे मिळत होती, हे नोंदविले पाहिजे.

१९/
ही नोंद कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. ती आजीपाशी, आत्यापाशी, चितेगावच्या कारखान्यात पाळी केलेल्या काकांपाशी आहे. पहिला टीव्ही कोणाच्या घरी आला, कोण कुठे बसे, कोणत्या पात्रावरून घरात वाद झाला, एवढे तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तरे तारखेसह लिहून ठेवावीत. स्थानिक इतिहासाचे हे साधन अजून हाताशी आहे; आणखी वीस वर्षांनी ते असेलच असे नाही.

#थ्रेडसमाप्त