पाणी पाजलेले कासे

लोहार विळ्याला पाणी पाजतो ते धार टिकावी म्हणून. लालभडक पाते पाण्यात गेले की पोलाद कडक होते. काशाची तऱ्हा उलटी. तापलेले कासे आपोआप निवू दिले तर काचेसारखे ठिसूळ होते. लगेच पाण्यात बुडवले तर त्याला चिवटपणा येतो.

या रीतीचे आपल्याकडचे जुने घराणे नागपूरजवळ माहुरझरीला सापडते. तिथल्या शिळावर्तुळांचे उत्खनन १९७०-७२ मध्ये पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांनी केले. इसवी सनपूर्व पहिल्या सहस्रकातल्या त्या दफनांमध्ये लोखंडी कुऱ्हाडी होत्या, घोड्यांचे तांब्याचे अलंकार होते आणि काशाची भांडीही होती. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर त्यांतल्या काही भांड्यांत कथिलाचे प्रमाण भरपूर आढळले, शिवाय ती तापवून ठोकल्याच्या आणि पाण्यात थंड केल्याच्या खुणाही मिळाल्या. म्हणजे लोखंड आणि कासे, दोन्ही धातू एकाच समाजाच्या वापरात होते.

पाण्याने कासे चिवट का होते, याचे कारण धातूच्या पोटात आहे. तांब्यात १० टक्के कथील असेल तर मिश्रण ठोकता येते, आणि पाण्यात बुडवण्याने त्याचा कडकपणा फारसा बदलत नाही. ‘रसरत्नसमुच्चय’ हा रसशास्त्रावरचा जुना ग्रंथ मात्र काशासाठी आठ भाग तांबे आणि दोन भाग कथील सांगतो. कोरियातल्या ठोकीव भांड्यांत हेच प्रमाण ७८ आणि २२ असते. एवढे कथील असलेले कासे थंडपणी ठोकले तर फुटते. पण साधारण ५९० ते ७९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान त्यात ‘बीटा’ नावाची रचना असते, आणि त्या तापमानात ते हातोडीला वश होते. हळू निवताना ही रचना मोडते आणि ‘डेल्टा’ नावाचा अतिकठीण, ठिसूळ घटक तयार होतो. पाणी त्याला तयार व्हायला वेळच देत नाही. युरोपात हे गणित १९व्या शतकाच्या आरंभी दार्से या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने मांडले.

कथील वाढले की नादही लांबतो, म्हणून टाळाला कासे हवे. सोयगाव तालुक्यातल्या अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात, पाचव्या शतकातल्या महाजनक जातकाच्या चित्रात, नर्तिकेभोवती बसलेल्या बायका दिसतात. कुणाच्या ओठांशी बासरी, कुणाच्या हाताखाली मृदंग, कुणाच्या हातात लहान टाळ. कीर्तनात वाजणाऱ्या टाळाची जोडी त्याच कुळातली.

आता झिजेचा प्रश्न. तिथे डेल्टाच कामाचा. पंपाच्या, गनमेटल नावाच्या कांस्याच्या बुशात १० टक्क्यांच्या आसपास कथील असते. ओतकामात मऊ धातूभर डेल्टाचे कठीण कण विखुरतात, दांड्याचा भार तेच पेलतात आणि बुश टिकतो. तोच बुश बराच वेळ तापवून पाण्यात टाकला तर त्या तापवण्यानेच कण विरघळतात, धातू मऊ पडतो आणि लवकर झिजतो. ॲल्युमिनियमच्या कांस्याचा नियम मात्र पुन्हा लोखंडासारखा: ते पाण्यात कडक होते. तेव्हा कांस्याला पाणी पाजावे की नाही, हे त्यात काय मिसळले आहे आणि त्याच्याकडून काय करून घ्यायचे आहे, यावर ठरते. बुशाला घासणे सोसायचे असते, ठोकीव ताटलीला पडणे-आदळणे.

घरात काशाची वाटी ताटात असते, तळपायाला तूप चोळायलाही वापरतात. चुलीवर मात्र ती चढवत नाहीत. ठोकीव काशाच्या बाबतीत या शिस्तीला पक्के कारण आहे. पाण्याने जागच्या जागी थांबवलेली रचना पुन्हा जोराची आच लागली की मोडू लागते, डेल्टा तयार होतो आणि भांडे ठिसूळ होते. कारागिराने एका बुडीत कमावलेले रिकाम्या वाटीखालच्या ज्वाळेने जाते.