झोळी विणली कुणी?

शेतात कामाला गेलं की बाळासाठी आपण झाडाला लुगड्याची झोळी बांधतो. तशीच मोठ्या माणसानं अंग टाकावं अशीही झोळी असते. तिला हॅमॉक म्हणतात. समुद्रकाठी दोन माडांमध्ये बांधलेली तुम्ही चित्रात पाहिली असेल. आज तिची गोष्ट.

ही झोळी अमेरिका खंडातली. तिथल्या कॅरिबियन बेटांवर तायनो लोक राहत. ते तिला ‘हमाका’ म्हणत. तिच्यात झोपलं की ओल, किडे, साप यांपासून माणूस वर राहतो. खाली थोडा विस्तव ठेवला की ऊब मिळते, धुरानं डासही पळतात. कापूस कातायचा आणि झोळ्या विणायच्या, हे काम बायकांचं. १४९२ साली कोलंबस तिथं पोचला. लोकांचे बिछाने सुताच्या जाळ्यांसारखे आहेत, असं त्याच्या रोजनिशीत नोंदलेलं आहे.

पुढं स्पॅनिश लोकांनी हिस्पॅनिओला बेटावर खंडणी बसवली. चौदा वर्षांवरच्या माणसानं दर तीन महिन्यांनी सोनं द्यायचं. सोनं न सापडणाऱ्या भागात सुमारे ११ किलो कापूस द्यायचा. ज्या कापसानं घरच्यांना विसावा दिला, त्याचाच जाच झाला. जुलूम, उपासमार आणि देवीसारखे रोग यांनी पन्नासेक वर्षांत बहुतेक तायनो मेले. जे वाचले, त्यांचे वंशज आजही आहेत.

झोळी मात्र जगभर फिरली. जहाज हेलकावे खाताना झोळीही झुलते, त्यामुळं झोपलेला खाली पडत नाही. सकाळी गुंडाळली की जागा मोकळी. १५९७ साली इंग्लंडच्या आरमारानं ती खलाशांसाठी घेतली. ब्राझीलमध्ये ॲमेझॉन नदीच्या बोटींवर आजही प्रवासी आपापली झोळी घेऊन येतात, डेकवर बांधतात आणि कित्येक दिवसांचा प्रवास तिच्यातच झोपून करतात. अशा झोळीत सरळ नाही, थोडं तिरकं झोपायचं. मग पाठ सपाट राहते.

‘हमाका’ हा शब्द थोडाफार बदलून कितीतरी भाषांत राहिला. कोलंबसचं नाव शाळेत पाठ होतं. पण ती पहिली झोळी विणणाऱ्या एकाही बाईचं नाव कुठं लिहिलेलं नाही.

म्हणून एक सांगते. आपल्या गटातली गोधडी, टोपली, पिशवी विकायला निघाली की तिच्यावर गावाचं, गटाचं आणि करणारीचं नाव घाला. वस्तू लांब जाते. नाव सोबत गेलं, तरच ती कुणाची हे लोकांना कळतं.