टॉर्चर टेस्टची कुळकथा

लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत जा आणि सांगा, पीसी मध्येच हँग होतो, निळा पडदा येतो, आपोआप रिस्टार्ट होतो. पहिला सल्ला ठरलेला: रॅम काढा, तिची सोनेरी पिनांची कड खोडरबराने घासा, परत बसवा. तेवढ्याने भागलं नाही, तर कुणी जाणकार सांगतो, रात्रभर ‘प्राइम९५’ लावून ठेवा. खोडरबराचं कूळ शोधायला जाण्यात अर्थ नाही. प्राइम९५चं मात्र थेट सतराव्या शतकातल्या एका फ्रेंच धर्मगुरूपर्यंत जातं.

मारँ मेर्सेन हे त्याचं नाव. दोनाचा घात घेऊन त्यातून एक वजा केला, तर कधी मूळ संख्या मिळते आणि कधी नाही, याची एक यादी त्याने १६४४ साली दिली. यादीत चुका होत्या, पण नाव त्याचंच राहिलं. अशी संख्या खरोखर मूळ आहे का, हे तपासायची युक्ती एदुआर लुकासने एकोणिसाव्या शतकात काढली आणि पुढे डी. एच. लेमरने ती सुटसुटीत केली. चारपासून सुरुवात करायची, वर्ग करून दोन वजा करायचे, जी संख्या तपासायची तिने भागून बाकी ठेवायची, आणि पुन्हा तेच. एकतीससाठी हा प्रवास ४, १४, ८, ० असा होतो. शेवटी शून्य आलं, म्हणजे एकतीस मूळ. आता समजा, चौदाच्या जागी चुकून पंधरा पडले. मग पुढे ६ येतात, शेवटी ३ उरतात, आणि शून्य हातचं जातं. एका पायरीवरची चूक पुढची प्रत्येक पायरी नासवते. यंत्र तपासणाऱ्याला याहून चांगलं काय हवं?

अर्थात सुरुवातीला यंत्र तपासायचं कुणाच्या मनात नव्हतं. १९५२च्या जानेवारीत लॉस एंजेलिसच्या स्वॅक या संगणकावर राफाएल रॉबिन्सनचा प्रोग्रॅम चालला आणि एकाच दिवशी दोन नव्या मेर्सेन मूळ संख्या सापडल्या. रॉबिन्सन बर्कलीत होता. यंत्र न बघता, नुसती माहितीपुस्तिका वाचून त्याने तो लिहिला होता.

यंत्र तपासायला होणारा हा उपयोग लक्षात आला तो क्रे कंपनीच्या महासंगणकांच्या काळात. तिथल्या डेव्हिड स्लोविन्स्कीचा मूळ संख्या शोधणारा प्रोग्रॅम नव्या यंत्रांच्या चाचणीला लावला जाई. १९८५ साली ह्यूस्टनमध्ये शेव्हरॉन या तेल कंपनीच्या क्रे एक्स-एमपीवर असाच तो चालला आणि ६५,०५० अंकी मूळ संख्या हाती आली. तेल शोधायला आणलेल्या यंत्राची ही पहिली कमाई मला भारी आवडते.

१९९४ साली व्हर्जिनियातल्या लिंचबर्गचे गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते. ८२४६३३७०२४४१ आणि तिची जुळी ८२४६३३७०२४४३ या जोडीपाशी त्यांच्या पीसीतल्या इंटेलच्या पेंटियम चिपचा भागाकार चुकला. चिपमधल्या भागाकाराच्या कोष्टकात पाच नोंदी राहून गेल्या होत्या. इंटेलला हे प्रकरण ४७.५ कोटी डॉलरना पडलं.

दोनच वर्षांनी, १९९६मध्ये, जॉर्ज वोल्टमन या अमेरिकन प्रोग्रॅमरने मेर्सेन संख्यांची शोधमोहीम घराघरांतल्या पीसींवर आणली. तिचा प्रोग्रॅम म्हणजे प्राइम९५. लाखो अंकी संख्यांचा वर्ग करताना तो तिचे तुकडे पाडून अपूर्णांकांत हिशेब करतो. शेवटी येणारी प्रत्येक किंमत पूर्णांकाच्या अगदी जवळ हवी. फरक ०.४च्या पुढे गेला, की बहुधा काहीतरी बिघडलंय. घरगुती पीसी असे नेमके किती बिघडतात हे वोल्टमनला रोज दिसत होतं, म्हणून प्रोग्रॅममध्येच ‘टॉर्चर टेस्ट’ आली. उत्तर आधी माहीत असलेली गणितं पुन्हा पुन्हा करायला लावायची, बस्स. प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणाऱ्या ओव्हरक्लॉकिंगवाल्यांनी ती लगेच उचलली आणि पुष्कळांनी मूळ संख्या कधी शोधलीच नाही.

निदानाची पद्धतही यातूनच आली. तुकडे पाडून वर्ग करायच्या त्या पद्धतीला एफएफटी म्हणतात; टॉर्चर टेस्टमधल्या ‘स्मॉल एफएफटी’ या पर्यायाची गणितं प्रोसेसरच्या कॅशमध्येच मावतात. रॅम जवळजवळ बाजूला राहते आणि प्रोसेसर तापून निघतो. इथेच चूक आली तर कूलर, थर्मल पेस्ट, व्होल्टेज, ओव्हरक्लॉक बघा. ‘ब्लेंड’ हा दुसरा पर्याय रॅम भरभरून वापरतो. फक्त तिथे चूक आली, तर रॅमचा वेग वाढवणारं एक्सएमपी हे सेटिंग बंद करून एकेक स्टिक लावून बघायची. तेव्हा सोबतीला मेमटेस्ट८६ हवाच. १९९४ पासूनचा हा प्रोग्रॅम विंडोजशिवाय, स्वतःच बूट होऊन रॅम तपासतो. माझ्या मते पहिली रात्र त्याचीच असावी. रॅम खोटी असेल, तर बाकीच्या कुठल्याच चाचणीच्या निकालाला अर्थ उरत नाही.

२०१६मध्ये प्राइम९५ चालवताना इंटेलचे नवे स्कायलेक प्रोसेसर गोठतात, असं दिसलं. कूलर चांगला, रॅम चांगली, ओव्हरक्लॉक नाही, तरीही. दोष चिपमध्येच होता. इंटेलने तो मान्य केला आणि बायोस अपडेटमधून दुरुस्ती पाठवली.

मूळ संख्या शोधणाऱ्यांनी मात्र पीसी निर्दोष असावा हा हट्टच सोडला. रॉबर्ट गेर्बिचने सुचवलेली तपासणी २०१८ पासून प्राइम९५मध्ये आहे. हिशेबात चूक दिसली, की प्रोग्रॅम शेवटच्या खात्रीच्या पायरीवर परत जातो आणि तिथून पुन्हा सुरू करतो.