मे 1954, महाल

नागपूर अजून मध्य प्रदेशाची राजधानी आहे आणि तुम्ही इथल्या महाल भागातल्या एका वाड्यात, बाळंतिणीच्या खोलीत उभे आहात. बाहेर ऊन रणरणतंय. आत खिडक्या बंद, बाजेखाली शेगडी, ओव्याचा धूर. चार दिवसांचं बाळ दुपट्यात गच्च गुंडाळलंय. चीक पिळून फेकला, बोटानं मध चाटवला; अंगावरचं दूध कालपासून जेमतेम. "लेकरू मोठं गुणाचं हाय, रडतच नाही," आजी कौतुकानं सांगते.

लंगोटाला हात लावून पाहा. सकाळपासून कोरडा. टाळू खोल गेलीय, ओठ सुकलेत. तान्ह्या बाळाचं रक्त मुळातच दाट असतं. अंगातलं पाणी आटलं की आणखी दाटतं. मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या मोठ्या शिरा कवटीच्या सांध्यांखालून जातात आणि जन्मताना कवटीची हाडं एकमेकांवर सरकली की त्या दाबल्याही जातात. तिथंच रक्त साकळतं.

दुपारी बाळाचा एक पाय सायकल मारल्यासारखा हलू लागतो, नजर एकीकडे खिळते. आकडी! टांगा मेडिकल कॉलेजला पोचतो. 1947 साली सुरू झालेल्या या कॉलेजातले डॉक्टर टाळू चाचपतात, पाठीतलं पाणी तपासायला काढतात. शिरेतली रक्ताची गाठ मात्र त्यांना दिसणार नाही. माणसाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन निघायला 1971 उजाडायचंय. 'आकडीनं गेलं' एवढ्यावर किती घरांनी दुःख गिळलं असेल, या विचारानं आजही जीव कासावीस होतो.

2001 मध्ये कॅनडातल्या डॉक्टरांनी मेंदूच्या शिरांत अशी गाठ झालेल्या 160 मुलांची माहिती मांडली. त्यात सर्वाधिक नवजात बाळं होती आणि जवळजवळ प्रत्येक मुलाच्या बाबतीत काही ना काही कारण सापडलं.

आता आजच्या मे महिन्यात या. नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात डॉक्टर आकडी आलेल्या बाळाच्या आईला विचारताहेत: बीपी वाढलं होतं? साखर? पाणी फुटून किती वेळ झाला होता? बाळ जन्मताच रडलं? ताप, जंतुसंसर्ग, हृदयाचा जन्मजात दोष, सगळं तपासतात, कारण बहुतेकदा एकाहून जास्त गोष्टी एकत्र आलेल्या असतात. सगळ्याच आकड्या गाठीमुळे नसतात. साखर उतरली तरी येतात. म्हणून एमआरआयमध्ये शिरा पाहतात. गाठ असली, तर आत रक्तस्राव झालाय का ते बघून रक्त गोठू न देणारं हेपॅरिन द्यायचं की नाही ते ठरवतात.

यातल्या बऱ्याच गोष्टी आईच्या हाती नसतात. जन्मानंतर तासाभरात चिकासकट दूध पाजणं मात्र घराच्या हाती आहे. पाचव्या दिवसापासून दिवसाला निदान सहा लंगोट ओले व्हायला हवेत. झाले नाहीत किंवा बाळ दुधासाठीही उठेना, तर संध्याकाळची वाट न पाहता, नागपूरच्या भर उन्हातही, लगेच दवाखाना गाठा.